गोदामातली दोन ताटं

१

ओलीस हा शब्द तोवर मी फक्त पेपरात वाचला होता. विमानं पळवायची, वकिलातीत शिरायचं, ही परदेशातल्या लोकांची कामं. आमच्या सोलापुरात माणसं भांडतात, एकमेकांची डोकी फोडतात आणि टाके निघायच्या आत एकाच टपरीवर चहा पितात. त्यामुळं चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलात एका सकाळी अक्कलकोट रोडच्या चादरीच्या कारखान्यातून फोन आला, की म्यानेजरला कामगारानं गोदामात कोंडून गळ्याला सुरा लावलाय, तेव्हा मला आधी खरंच वाटेना.

मी हवालदार सिद्राम वाघमोडे, गाव नातेपुते. आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याच्या आवारात जत्रा जमली होती. गोदाम दगडी, एकच दार, वर पत्रा. दाराशेजारी सुताचे गठ्ठे आतबाहेर द्यायला एक लहान झडप. त्या झडपेमागून आवाज येत होता.

"आत येऊ नका हो! जालिंदरनं सुरा लावलाय! दाराला हात लावला तर कापतो म्हणतोय!"

आवाज म्यानेजर बसलिंगप्पाचा होता. मालकाचा सख्खा पुतण्या, कपाळावर रोज विभूतीचे तीन पट्टे, सभ्य माणूस. जालिंदर सरवदे हा बॉयलरवरचा कामगार. दहा दिवसांपूर्वी त्या बॉयलरची वाफ फुटून नागव्वा नावाची रंगखात्यातली बाई भाजून मेली होती. जालिंदरनं हयगय केली म्हणून बसलिंगप्पानं त्याला कामावरून बसवलं होतं. उद्या पुण्याहून सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर चौकशीला येणार होता. कामावरून बसवलेला, बदनाम झालेला माणूस. आवारातल्या कुणालाही विचारा, सुरा का निघाला हे तोंडपाठ होतं.

एकटी त्याची बायको शालन तेवढी फाटकाजवळून ओरडत होती. "हे असं करणार न्हाईत! साहेब, ऐका की वो! हे असं करणार न्हाईत!"

"सगळ्या बायका हेच म्हणतात," मी म्हटलं आणि तिला मागं सारलं.

२

आमचे इन्स्पेक्टर शिवयोगी हिरेमठ. जाडगेले, संथ, अक्कलकोटाकडचे. माझी त्यांच्याबद्दल दोन गाऱ्हाणी होती. एक म्हणजे त्यांना घाई कशी ती माहीतच नव्हती. दुसरं म्हणजे डबा खाऊन झाला की त्याच डब्यात पाणी ओतून, हलवून ते पिऊन टाकायचे. मला ते बघवत नसे, म्हणून मी तेवढ्यापुरता बाहेर जाऊन तंबाखू मळायचो.

त्यांनी खुर्ची मागवली, गोदामासमोरच्या लिंबाखाली टाकली आणि बसले. लग्नाला आल्यासारखे.

"साहेब, दार फोडायचं का?" मी विचारलं.

"वाघमोडे, बार्शीला असताना एका वेड्यानं भावाला असंच कोंडलं होतं. आमच्या वरिष्ठांनी दार फोडलं. आम्हांला दोन प्रेतं मिळाली. दार फोडायला तीन धडका लागतात, गळा कापायला एकच हात." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "सुरा धरलेल्या माणसाचा पहिला तास वाईट. मग हात दुखतो, तहान लागते, लघवीला येते. रागानं सुरू झालेलं काम कंटाळ्यानं संपतं. आपण फक्त त्याच्यापेक्षा जास्त वेळ कंटाळा सोसायचा. वेळ आपल्या बाजूचा असतो."

मग त्यांनी माणसं बोलावली. पहिली आली मल्लव्वा, सुताच्या कांड्या भरणारी. गोंधळ तिनंच पहिल्यांदा ऐकला होता.

"आदी दोगं बोलत हुते. मग धपकन आवाज झाला, कुनीतरी 'आई गं' म्हनलं. मग समदं गप. आमी बाया धावलो, दार वाजवलं. तवा म्यानेजर वरडले, सुरा लावलाय म्हनून."

"दार वाजवल्यावर ओरडले? आधी नाही?"

मल्लव्वानं जरा विचार केला. "न्हाई. आदी गपच हुतं की."

मग मालक सिद्धलिंगप्पा. पांढरं धोतर, डोळ्यांत पाणी. "माझा बसलिंगप्पा मुंगीला पाय लागला तर हळहळतो. लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. साहेब, आज तर पूजेचं सगळं कारखान्यातच घेऊन आला होता, कामाची घाई म्हणून. काय वाटेल ते करा, त्याला सोडवा. त्या जालिंदरला गोळी घाला."

"आज एवढी कसली घाई होती?"

"उद्याच्या चौकशीची. जालिंदरला बोलावून जबाब समजावून सांगतो म्हणाला."

"म्हणजे जालिंदर आपण होऊन आला नाही. त्याला बोलावलं होतं."

मालकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. साहेबांनी त्यांना प्यायला पाणी दिलं आणि पुढं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, आता तरी उठतील. ते लिंबाच्या काड्या मोडत बसले.

३

झडपेशी बोलायचं काम साहेबांनी स्वतःकडं घेतलं.

"जालिंदर, मी हिरेमठ. तुला काय पाहिजे?"

आतून बसलिंगप्पाचाच आवाज आला. "तो म्हणतोय, मला कामावर परत घ्या. चौकशी रद्द करा."

"त्याला स्वतः बोलू दे."

"नाही बोलत म्हणतोय. तुम्ही मागं सरका, नाहीतर बघा म्हणतोय."

असं बराच वेळ चाललं. साहेब विचारायचे जालिंदरला, उत्तर द्यायचा बसलिंगप्पा. ऊन चढलं तसा पत्रा तापून कडकड वाजायला लागला. आत तर भट्टीच झाली असणार.

दुपारी साहेब म्हणाले, "वाघमोडे, अक्कम्माच्या खानावळीतून दोन ताटं आण. साधं शाकाहारी. आणि पत्रावळीवर नको, ताटातच आण."

"सुरा धरणाऱ्याला पाहुणचार?"

"पत्रावळ दिली की व्यवहार संपला. ताट दिलं की ते परत द्यायला झडपेशी यावं लागतं. आला की बोलावं लागतं. आणि जेवलेला माणूस जरा मऊ होतो, तुला अनुभव आहेच."

हा टोमणा मी गिळला. अक्कम्मानं कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं, आमटी आणि पाण्याचा तांब्या दिला. ऊन लागू नये म्हणून वर ओला फडका टाकून मी ते नेलं. झडप उघडली. आत अंधार आणि समोर सुताच्या गठ्ठ्यांची भिंत. एक हात आला, बसलिंगप्पाचा, अंगठीवाला. एकेक करून ताटं आत गेली आणि झडप बंद झाली.

बऱ्याच वेळानं तोच हात बाहेर आला. दोन्ही ताटं, रिकामा तांब्या. मी बघितलं तर काय, ताटं आरशासारखी. वांग्याची देठं तेवढी एका कडेला नीट ठेवलेली. आमटीचा ओघळ नाही की चटणीचा कण नाही.

मी ती साहेबांसमोर धरली. "अक्कम्माचा घासायचा त्रास वाचला. जालिंदर म्हणजे भारी टापटिपीचा गुन्हेगार."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ताटं हातात घेतली आणि खुर्चीशेजारी मातीत ठेवली. तेवढ्यात झडपेतून बसलिंगप्पाचा आवाज आला. या वेळी कन्नडमधून, खालच्या पट्टीत. साहेब उठून गेले, ऐकून आले. त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच वेगळा दिसला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, जालिंदर दाराच्या डाव्या हाताला भिंतीला टेकून बसलाय. त्याला कन्नड कळत नाही, म्हणून सांगतोय. मी गठ्ठ्यांआड सरकतो, झडपेतून डावीकडं खाली गोळ्या घाला."

सकाळपासून आम्हांला हवी होती ती माहिती आपसूक चालत आली होती. मी मनातल्या मनात बसलिंगप्पाला शाबासकी दिली. साहेब म्हणाले, "शालनबाईंना बोलाव."

४

शालन आली. रडून डोळे सुजलेले, पण ताठ उभी. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"शालनबाई, जालिंदरला कन्नड येतं का?"

हा काय प्रश्न, असं तिच्या तोंडावर आलं. "येतं की. त्यांचं आजोळ अक्कलकोटाच्या पल्याड. ल्हानपन तितंच गेलं. रंगखात्यातल्या बायांशी कन्नडातच बोलत्यात."

"म्यानेजरला हे ठाऊक आहे?"

"व्हय. म्यानेजरच कन्नडात शिव्या देतो त्यास्नी. साहेब, आतमदी काय चाललंय? ते बोलत का न्हाईत? माजा मानूस गप बसनारा न्हाय."

साहेब काही बोलायच्या आत फाटकातून जीप आली. जिल्ह्याचे मोठे साहेब उतरले, मागं बंदूकवाले जवान. मोठ्या साहेबांना कुणीतरी कन्नड निरोपाची बातमी आधीच पोचवली होती.

"हिरेमठ, जागा कळलीय, मग वाट कसली बघता? आख्खं सोलापूर इथं जमायच्या आत मला हे संपवायचं आहे. झडपेतून दोन बंदुका आत घाला, डावीकडं खाली नेम धरा आणि उडवा."

शालननं ते ऐकलं.  तिनं हिरेमठ साहेबांकडं फक्त बघितलं आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला.

जवान झडपेकडं सरकायला लागले. हिरेमठ साहेब खुर्चीशेजारच्या ताटांकडं बघत उभे होते. मग एकदम म्हणाले, "वाघमोडे, झडपेखाली मोरीचं भोक आहे. जा, हात घालून बघ. ओलं आहे का?"

मी धावलो, पालथा पडून हात घातला. आत धूळ आणि सुताचे धागे.

"कोरडं ठणठणीत, साहेब!"

"थांबवा त्यांना," हिरेमठ मोठ्या साहेबांना म्हणाले. "त्या भिंतीला टेकून बसलेला माणूस सुरा धरणारा नाही. ओलीस तोच आहे."

५

मोठ्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार.

"पाच मिनिटं ऐका," हिरेमठ म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी नेहमीसारखंच संथपणे सांगितलं. "सकाळपासून जालिंदरचा एक शब्द कुणी ऐकला नाही. सुरा धरणारा माणूस गप्प बसत नाही, साहेब. त्याला जगाला काहीतरी सांगायचं असतं, म्हणूनच तो सुरा धरतो. ही पहिली गोष्ट. मल्लव्वा सांगते, आधी धपका, मग शांतता, बायकांनी दार वाजवल्यावर ओरडा. गळ्याला सुरा लागलेला माणूस दार वाजायची वाट बघेल? आणि ओलीस माणूस कधी 'गोळ्या घाला' म्हणत नाही. तो 'थांबा' म्हणतो, कारण गोळी कुणाला लागेल याची त्यालाच सगळ्यांत जास्त भीती. बसलिंगप्पा मात्र नेम कुठं धरायचा ते सांगतो, तेही जालिंदरला पक्कं कळणाऱ्या भाषेत. म्हणजे जालिंदर ऐकण्याच्या अवस्थेत नाही."

"हा सगळा अंदाज झाला."

"होय. म्हणून ही ताटं." त्यांनी दोन्ही ताटं उचलली. "ही धुतलीयत. एकच तांब्या पाणी गेलं होतं. धुतलेलं पाणी कुठं गेलं? सुताचं गोदाम आहे. त्या धंद्यातला माणूस गठ्ठ्यांवर पाणी ओतणार नाही, मोरीतच ओतेल. मोरी कोरडी आहे. म्हणजे ते पाणी पोटात गेलं."

मला साहेबांचा डबा आठवला.

"आमच्या लिंगायतांत अन्न म्हणजे प्रसाद," साहेब म्हणाले. "ताटात कण ठेवायचा नाही. ताट धुवायचं आणि ते पाणी प्यायचं. सगळेच करतात असं नाही, पण जो करतो त्याचा हात आपोआप चालतो. मी रोज करतो, वाघमोडेला किळस येते. एक ताट असं आलं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं, ते बसलिंगप्पाचं. पण जालिंदर बौद्ध आहे. त्याचं ताट असं का यावं? दुसऱ्याच्या उष्ट्या ताटाचं पाणी कुणी पीत नाही. दोघं जेवले हे आपल्याला पटावं म्हणून बसलिंगप्पानं दुसरं ताटही संपवलं. नुसतं चिवडून उष्टं परत दिलं असतं तर सुटला असता. पण ते त्याच्या हातून होईना. माणूस समोर मरत असलेला त्याला चालला, भाकरीचा तुकडा वाया गेलेला चालला नाही."

मोठ्या साहेबांनी एक ताट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "मग आता? बसून राहायचं? वेळ आपल्या बाजूचा, हे तुमचंच म्हणणं ना?"

"सकाळी होता. आता नाही. या उन्हात, मार लागून पडलेला माणूस, पाण्याशिवाय. प्रत्येक घटका त्याच्या जिवावर चाललीय. पण दार फोडलं तर आतला घाबरेल आणि पहिला वार जालिंदरवरच करेल. मला एकट्याला जाऊ द्या. बंदुका मागं न्या."

"चुकलं तर जबाबदारी तुमची, हिरेमठ."

"माझीच आहे," साहेब म्हणाले.

६

ते झडपेसमोर जाऊन खाली मांडी घालून बसले. मी तांब्या भरून त्यांच्या मागं थांबलो. बोलणं कन्नडमधून झालं. मला अर्धं कळलं, अर्धं त्यांनी नंतर सांगितलं.

"बसलिंगप्पा, आता जालिंदरशी बोलायचं नाही. तुमच्याशी बोलायचं आहे."



"एकच विचारतो. तो श्वास घेतोय का?"

माझ्या नोकरीत मी पुष्कळ जबाब ऐकले, पण त्या प्रश्नानंतरच्या शांततेइतका लांब जबाब ऐकला नाही. पत्रा वाजत होता. मग आतून, अगदी बारीक आवाजात, "घेतोय."

साहेबांनी डोळे मिटले. त्या एका शब्दात सगळा कबुलीजबाब होता.

"मग अजून काही हाताबाहेर गेलेलं नाही. तो जगला तर तुम्ही रागात हात उचललेला माणूस. तो गेला तर खुनी. यातलं काय व्हायचं ते अजून तुमच्याकडं आहे. दुपारपर्यंत मी तुम्हांला ओलीस समजत होतो. आता तुमचं ताट बघितलंय. दोन्ही ताटं."

आतून रडण्याचा आवाज आला. बसलिंगप्पा तुटक तुटक सांगत गेला. रंगाचं काम लवकर उरकावं म्हणून त्यानंच बॉयलरची जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन टांगायला लावलं होतं. जालिंदर नको म्हणत होता. नागव्वा मेली. आज जालिंदरला बोलावून, दोष तुझ्यावर घे, घर मी सांभाळतो, असं सांगितलं. तो म्हणाला, उद्या खरं तेच सांगणार. गठ्ठे बांधायची लोखंडी दांडी हाताशी होती. मग दारावर बायका आल्या आणि तोंडातून सुऱ्याची गोष्ट निघून गेली. एकदा निघाल्यावर मागं फिरता येईना. स्वतःच्या हातानं पुन्हा मारवेना. पोलीसच येऊन संपवतील, असं वाटलं.

"पूजा केली, जेवलो," तो म्हणाला. "मधेच तो शुद्धीवर आला. पाणी मागत होता. तांब्यात होतं. मी ताट धुऊन प्यालो."

 साहेबांनी हात मागं केला आणि माझ्याकडचा तांब्या घेतला. "आता पाणी मी आणलंय. कडी काढा."

कडी निघाली. बसलिंगप्पा आपणहून दोन्ही हात पुढं करून बाहेर आला. मालक सिद्धलिंगप्पांनी त्याला बघितलं आणि तोंड फिरवून खाली बसले.

जालिंदर खरंच डाव्या हाताला, भिंतीला टेकवलेला होता. रक्त केसांत सुकलेलं. लुळ्या हातात सुतळ्या कापायचा सुरा आणि त्यावर बोटं एकेक करून नीट मिटवलेली. साहेबांनी ती सोडवली, सुरा माझ्याकडं दिला आणि ओठांना पाणी लावलं. ओठ हलले. आम्ही त्याला नव्या कोऱ्या चादरीत घालून उचलून नेलं.

७

दिवस मावळायच्या सुमाराला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, माणूस वाचतोय. शुद्धीवर आहे, उद्याच्या चौकशीला मला खाटेसकट न्या म्हणतोय.

मोठे साहेब खूश. त्यांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर हिरेमठ साहेबांची पाठ थोपटली. पेपरवाले आले होते. कोरडी मोरी आणि दोन ताटं यांची गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी तिच्यात थोडा मीठमसाला घालून.

शालन आतून बाहेर आली. पदर नीट करून साहेबांसमोर उभी राहिली. साहेब उठून उभे राहिले. मला वाटलं, पाया पडेल. पडली नाही.

"साहेब, तुमी वाचवलं त्यास्नी. जलमभर इसरनार न्हाय."

"माझं काम होतं, शालनबाई."

"व्हय." ती जरा थांबली. आवाजात राग नव्हता, नुसता दिवसभराचा शीण होता. "ताटं बगितली, मोरी बगितली, मंग तुमास्नी कळलं. म्या सकाळधरनं फाटकात हुबी ऱ्हाऊन हेच सांगत हुते. हे असं करनार न्हाईत म्हनून. ते का न्हाई कुनी ऐकलं?"

पेपरवाल्यानं पेन्सिल वर उचलली होती, ती तशीच राहिली. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. शालननं थोडी वाट बघितली, मग ती नवऱ्याजवळ बसायला आत गेली.